मोठ्या विमानाचे भय आणि भयाचे खरे ठिकाण

रुवैस : जून महिना लागला की येथील मराठी कुटुंबांत दोन विषयांची चर्चा सुरू होते. एक तिकिटाचे दर आणि दुसरा मुंबईचा पाऊस. शाळांना सुट्टी लागते ती नेमकी भर पावसाळ्यात, त्यामुळे रत्नागिरीचा असो की साताऱ्याचा, प्रत्येकाला काळ्या ढगांतूनच मुंबईत उतरावे लागते. त्यात १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस लंडनला निघालेले विमान कोसळले आणि या चर्चेत तिसरा विषय शिरला. येथील मुक्कामात आम्हांस एका वहिनींनी विचारले, "गुरुजी, मोठं विमान बरं की लहान? मोठं एवढं जड, ते थांबायचं कसं?"

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर आम्हांस वाटले होते तितके साधे नाही. अहमदाबादचा अपघात उड्डाणाचा होता, त्याचा विचार येथे करीत नाही. वहिनींचा प्रश्न उतरण्याचा आहे, आणि आखाती देश व हिंदुस्थान यांच्यामधील विमानांच्या उतरण्याचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

रुवैस हे अबुधाबीच्या पश्चिमेस सुमारे २४० किलोमीटरवर, समुद्रकाठी वसलेले औद्योगिक गाव. १९८२ साली शेख झायेद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातून इतर मालाबरोबर विमानाचे इंधनही निघत आले आहे. म्हणजे ज्या रॉकेलवर्गीय इंधनाच्या जोरावर ही अजस्र विमाने उडतात, ते तयार करण्यात आपल्याही माणसांचा हात लागलेला आहे. मात्र स्वतः विमानात बसावयाचे तर त्यांना अडीच-तीन तास मोटारीने अबुधाबीस किंवा त्याहून पुढे दुबईस जावे लागते. एमिरेट्सने ए-३८० हे दुमजली विमान जुलै २०१४ मध्ये दुबई-मुंबई मार्गावर आणले, आणि एतिहादने मे २०१६ मध्ये अबुधाबी-मुंबई मार्गावर. एतिहादची ही विमाने महासाथीमुळे २०२० साली जमिनीवर बसली व २०२३ पासून त्यांतील काही पुन्हा उडू लागली. आमच्या बेटावरही एमिरेट्सचे ए-३८० डिसेंबर २०१३ पासून उतरू लागले, तेव्हा ते पाहण्यासाठी मंडळी मुलाबाळांसह गेली होती.

मोठ्या विमानाचे भय नवे नाही. एअर इंडियाचे पहिले जंबो, 'एम्परर अशोक', १९७१ साली मुंबईत आले त्या वेळीही हेच प्रश्न विचारले जात असत. वैमानिकांनाही ते पडले होते. बोइंग ७४७ च्या वैमानिकाची बैठक जमिनीपासून जवळजवळ तीन मजल्यांच्या उंचीवर असते. एवढ्या उंचीवरून जमिनीवरचे अंतर आणि वळणे कशी जोखावयाची? म्हणून कंपनीने उंच खांबांवर एक लाकडी-लोखंडी कक्ष उभारला, तो मालमोटारीवर बसविला, आणि वैमानिकांना त्यात बसवून जमिनीवर फिरविले. जॅक वॉडेल या चाचणी-वैमानिकाच्या नावावरून त्या गाड्याला 'वॉडेलचा छकडा' म्हणत. शिक्षकी पेशातल्या माणसाला ही गोष्ट फार आवडावी अशी आहे. पोराला बाराखडी आली नाही तर पाटी बदलत नाहीत, हात धरून गिरवून घेतात.

तेच 'एम्परर अशोक' १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघाले आणि काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. आखाताच्या वाटेवरील आपल्या माणसांचा तो पहिला मोठा घाव. त्या वेळी लोक म्हणाले की एवढे जड धूड पडणारच. चौकशीत निष्पन्न झाले ते वेगळेच होते. प्रमुख वैमानिकासमोरील विमानाचा कल दाखविणारी तबकडी बिघडली होती. विमान उजवीकडे कललेले आहे असे ती दाखवीत राहिली, खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज दिसण्याची सोय नाही. वैमानिक विमान डावीकडे झुकवीत गेले आणि ते कलंडले. इंजिने चालू होती, पंख शाबूत होते. यंत्र काय करीत आहे आणि माणसाला ते काय करीत आहे असे वाटते, यांत फट पडली, आणि त्या फटीत २१३ माणसे गेली. ही फट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण अडतीस वर्षांनी ती दुबईच्या धावपट्टीवर पुन्हा भेटणार आहे.

आता मोठे विमान थांबते कसे, ते पाहू. ए-३८० चे उड्डाणाच्या वेळचे वजन ५७५ टनांपर्यंत जाऊ शकते. उतरताना ते सुमारे ३९० टनांच्या आत असावे लागते. मधला फरक म्हणजे मुख्यतः वाटेत जळलेले इंधन. त्याच्या पंखांचा विस्तार जवळजवळ ८० मीटर आहे, आणि गंमत अशी की, या अफाट पंखांमुळेच हे विमान उतरताना फार वेगाने येत नाही. त्याचा वेग ताशी सुमारे १३८ सागरी मैल, म्हणजे २५५ किलोमीटर असतो. त्याच्यापेक्षा कितीतरी लहान विमाने कधीकधी याहून अधिक वेगाने उतरतात. त्याला एकूण बावीस चाके आहेत, त्यांपैकी सोळांना ब्रेक आहेत. हवेचा झोत उलटा फिरवून वेग मारण्याची सोय चारपैकी केवळ आतल्या दोन इंजिनांना दिलेली आहे, बाहेरची दोन इंजिने पुष्कळदा धावपट्टीच्या कडेवरील मातीपर्यंत पोचतात म्हणून. यावरून ध्यानात येईल की थांबविण्याचे खरे काम ब्रेक आणि पंखांवर उभ्या राहणाऱ्या झडपा करतात. उलट्या झोताचा आवाज ऐकून आपल्याला वाटते की तोच सर्व करतो, पण तो मदतनीस आहे.

शाळेतले गणित करून पाहू. ताशी २५५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूत जी शक्ती साठलेली असते, ती तीच वस्तू सुमारे २५० मीटर उंचीवरून पडल्यावर मिळणाऱ्या शक्तीएवढी असते. म्हणजे ३९० टनांचा डोंगर २५० मीटरवरून पडावा आणि त्याचा सगळा जोर ब्रेकच्या तबकड्यांनी, हवेने आणि टायरांनी गिळून टाकावा, असे हे काम आहे. ही शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग बारा सागरी मैलांनी अधिक ठेवला तर शक्ती सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. आणि या वेगाने विमान दर सेकंदाला सत्तर मीटर जाते. वैमानिकाने चाके हळुवार टेकावीत म्हणून विमान पाच सेकंद अधिक तरंगत ठेवले, तर साडेतीनशे मीटर धावपट्टी मागे गेली. ती परत मिळत नाही.

परंतु हे गणित लहान विमानालाही असेच लागू आहे. मोठ्या विमानाला अधिक चाके, अधिक ब्रेक, अधिक मोठे पंख दिलेले असतात, एवढाच फरक. त्यात ए-३८० च्या वैमानिकाला यंत्राचे साहाय्य पुष्कळ. धावपट्टीवरून कोणत्या वळणाला बाहेर पडावयाचे ते आधी सांगून ठेवले, तर ब्रेक किती दाबावयाचा ते यंत्र स्वतः ठरविते. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे वादळी वाऱ्यात एमिरेट्सचे ए-३८० उतरले, त्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. विमान तिरके आले, टेकल्यावर शेपूट डावीकडे-उजवीकडे झुलले, आणि काही क्षणांत ते सरळ होऊन निघून गेले. पाहणाऱ्यांचा श्वास अडकला. आम्ही ते पाहिले आहे. बैलगाडीचा बैल बुजावा आणि गाडीवानाने कासरा आवरावा, तसे ते दृश्य होते.

या विमानाचा खरा त्रास त्याच्या मागून येणाऱ्यांना होतो. पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे तयार होतात व ते काही मिनिटे टिकतात. म्हणून ए-३८० चा वैमानिक नियंत्रकाशी प्रथम बोलताना आपल्या नावापुढे 'सुपर' हा शब्द जोडतो, आणि उतरताना मध्यम आकाराच्या विमानाने त्याच्या मागे सात सागरी मैल अंतर ठेवावे असा दंडक आहे. ७ जानेवारी २०१७ रोजी मालदीवहून बर्लिनकडे जाणारे एक लहान खासगी जेट अरबी समुद्रावर एमिरेट्सच्या ए-३८० च्या खालून गेले. दोघांमध्ये उंचीचे अंतर नियमाप्रमाणे हजार फूट होते. तरीही भोवऱ्यात सापडून ते लहान विमान अनेक कोलांट्या खात साडेआठ हजार फुटांहून अधिक खाली आले. वैमानिकांनी ते सावरून मस्कतला उतरविले, पण विमान पुन्हा वापरण्यासारखे राहिले नाही. मोठ्या विमानात बसलेल्यांना बहुधा काही कळलेही नसेल.

मोठे विमान बिघडले तर काय, याचेही उत्तर एकदा मिळालेले आहे. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए-३८० चे एक इंजिन हवेत फुटले. तुकड्यांनी पंख भेदला, तारा तुटल्या, ब्रेक व उलट्या झोताची व्यवस्था अर्धवट झाली. विमानात ४६९ माणसे होती, आणि उतरण्याच्या मर्यादेहून वजन पुष्कळ अधिक होते. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्यांच्या साथीदारांनी घाई केली नाही. जवळजवळ दोन तास ते आकाशात राहिले, एकेक सूचना वाचली, धावपट्टी किती लागेल त्याचा हिशेब मांडला, आणि उतरण्याच्या वेगाला विमान ताब्यात राहते की नाही ते वर हवेतच करून पाहिले. मग उतरले. चार किलोमीटरच्या धावपट्टीवर विमान थांबले तेव्हा पुढे सुमारे दीडशे मीटर उरले होते. चार टायर फुटले, ब्रेक लाल झाले, खाली इंधन सांडत होते. तरीही प्रवाशांना लगेच घसरगुंडीवरून न ढकलता त्यांनी अग्निशामक फेसाची वाट पाहिली आणि मग सर्वांना शिडीने उतरविले. एकालाही इजा झाली नाही. मोठ्या विमानाला सर्वांत मोठा आधार कोणता, असे विचारले तर आम्ही म्हणू, वेळ. तो असला की माणूस व यंत्र यांतील फट बुजविता येते.

दुबईत ३ ऑगस्ट २०१६ रोजी तो नव्हता. तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे बोइंग ७७७ दुपारी साडेबाराच्या सुमारास उतरत होते. त्यात २८२ प्रवासी व १८ कर्मचारी होते, बहुतेक प्रवासी मलबारकडील कष्टकरी आणि त्यांची कुटुंबे. बाहेर ४८ अंशांचे ऊन होते. मागून येणारा वारा ऐन टेकण्याच्या वेळी फिरून समोरून येऊ लागला. तापलेल्या जमिनीवर विमान तरंगत राहिले आणि उजवी चाके टेकली ती धावपट्टीच्या तोंडापासून ११०० मीटर आत. धावपट्टी चार किलोमीटरहून लांब होती, म्हणजे तेथे थांबता आले असते. परंतु यंत्राने आवाज दिला, 'लाँग लँडिंग', आणि प्रमुख वैमानिकांनी उतरणे सोडून विमान पुन्हा वर घेण्याचे ठरविले. वैमानिकांच्या भाषेत याला गो-अराउंड म्हणतात.

येथवर काही चुकले नव्हते. वर जाण्यासाठी एक कळ दाबतात, ती दाबली की एरवी इंजिनांची शक्ती आपोआप वाढते. ती दाबली गेली. परंतु चाके जमिनीला लागल्यावर ती कळ निष्क्रिय व्हावी, अशी या विमानाची रचना आहे. जमिनीवर असताना चुकून हात लागला तर इंजिने उसळू नयेत, म्हणून केलेली ती योजना. त्यामुळे इंजिने मंदच राहिली. थ्रॉटलचे दांडे हाताने पुढे रेटले असते तर काम झाले असते, ते कोणी रेटले नाहीत. नाक वर गेले, चाके आत घेतली गेली, विमान सुमारे ८५ फूट चढले आणि वेग ओसरून खाली येऊ लागले. आदळण्यापूर्वी तीन सेकंद दांडे पुढे गेले. पण मंद फिरणाऱ्या एवढ्या मोठ्या इंजिनाला पूर्ण जोर धरावयास त्याहून अधिक वेळ लागतो. विमान चाकांवाचून पोटावर आदळले आणि सुमारे ८०० मीटर घसरत गेले.

चौकशीचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये आला. त्यात वैमानिकांनी इंजिनांच्या शक्तीकडे पाहिले नाही हे तर आहेच, परंतु त्याबरोबर हेही आहे की चाके टेकल्यानंतर विमान वर घेण्याचा, कळ निष्क्रिय असतानाचा, सराव त्यांच्याकडून नीट करून घेतलेला नव्हता. आमच्या मते सर्व अहवालाचे मर्म येथे आहे. शंभर वेळा हवेतून वर जाण्याचा सराव झाला, प्रत्येक वेळी कळ चालली, आणि हाताला सवय लागली ती कळीची. आम्ही अध्यापनाच्या प्रशिक्षणात शिकलो की मुलाला उदाहरण पाठ होणे आणि रीत समजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आकडे बदलले की कोणते झाले होते ते उघड होते. दुबईत आकडे बदलले.

विमानातील तीनशेही माणसे वाचली. मात्र विमान थांबल्यानंतर नऊ मिनिटांनी मधल्या इंधनटाकीचा स्फोट झाला आणि आग विझविणारा एक तरुण जवान मृत्युमुखी पडला. त्या वेळी प्रमुख वैमानिक व ज्येष्ठ परिचारिका शेवटची पाहणी करीत अजून आतच होते, त्यांनी नंतर उडी घेतली. सर्व प्रवाशांना बाहेर पडावयास सहा मिनिटांहून अधिक लागले. वाऱ्याने काही घसरगुंड्या उडविल्या, धूर झाला, ही कारणे होतीच. परंतु आतले जे चित्रण बाहेर आले त्यात प्रवासी वरच्या कप्प्यांतून पिशव्या काढताना दिसतात आणि परिचारिका ओरडत आहेत की सामान सोडा. २००६ साली हॅम्बर्ग येथे ए-३८० ची चाचणी झाली तेव्हा ८७३ माणसे अर्ध्याच दरवाजांनी ७८ सेकंदांत बाहेर पडली होती. त्या चाचणीत कोणाला आपली पिशवी खाली काढावयाची नव्हती. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे मोठे विमान धावपट्टीवरील तटरक्षक विमानावर आदळून पेटले. लहान विमानातील सहांपैकी पाच जण गेले, परंतु मोठ्या विमानातील सर्व ३७९ जण बाहेर आले, आणि बहुतेकांनी सामान जागीच सोडले होते.

दुबईच्या त्या प्रवाशांची पुष्कळ टिंगल झाली. आम्हांस ती मान्य नाही. आखातात राबणाऱ्या माणसाच्या त्या पिशवीत काय असते, हे टिंगल करणाऱ्यांना ठाऊक नसते. पासपोर्ट असतो, कामाच्या परवान्याचे कागद असतात, दाखले असतात, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले दोन दागिने असतात. कागद हरवला तर नोकरी जाईल, ही भीती आगीच्या भीतीपेक्षा जुनी आणि ओळखीची असते. तिला उपदेशाने उत्तर मिळत नाही. येथील एका गृहस्थांनी, ते कोल्हापूरकडचे आहेत, घरातील सर्वांसाठी कापडाच्या लहान पिशव्या शिवून घेतल्या आहेत. पासपोर्ट आणि कागद त्यात घालून विमान सुटताना व उतरताना ती गळ्यात, सदऱ्याच्या आत. हात रिकामे. आम्हांस हे फार शहाणपणाचे वाटले.

आता वहिनींच्या प्रश्नाची दुसरी बाजू. लहान विमान बरे का? २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूस आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या अर्ध्याहून पुढे जाऊन टेकले. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास सांगितले होते. विमान टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत गेले, १६६ पैकी १५८ माणसे गेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी, महासाथीत अडकलेल्यांना दुबईहून घेऊन आलेले त्याच कंपनीचे तशाच जातीचे विमान कोळीकोडला मुसळधार पावसात उतरले. २७०० मीटरच्या धावपट्टीवर ते १३५० मीटर आत टेकले. येथेही सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले होते. १९० पैकी २१ जण गेले, त्यांत दोघे वैमानिकही होते. प्रमुख वैमानिक कॅप्टन दीपक साठे हे आपल्या नागपूरचे, वायुसेनेतून निवृत्त झालेले विंग कमांडर. ही दोन्ही विमाने ए-३८० च्या वजनाच्या एकषष्ठांशही नव्हती.

साठे यांच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते, परंतु चौकशीच्या अहवालात जे आहे ते टाळून चालणार नाही. नियमांचे पालन झाले नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. आणि त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कमी लोकांनी लक्ष दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीकोडहून सुटणाऱ्या विमानावर याच वैमानिकांची नेमणूक होती. त्या रात्री विमान दुसरीकडे वळविले असते तर विश्रांतीच्या नियमामुळे ते सकाळी कामावर येऊ शकले नसते, आणि तेथे बदली प्रमुख वैमानिक पुरेसे नव्हते. उतरण्याच्या आग्रहामागे हा विचारही असावा, असे चौकशी करणाऱ्यांना वाटले. म्हणजे पावसात, अंधारात, एका पुसणी बिघडलेल्या काचेमागे बसलेल्या माणसाच्या डोक्यात दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक होते. ते वेळापत्रक त्याच्या डोक्यात कोणी ठेवले?

मंगळुरू, दुबई, कोळीकोड ही तिन्ही विमाने आखात आणि पश्चिम किनारा यांमध्ये धावणारी. दोन लहान, एक मोठे. तिन्ही जागा सोडून पुढे टेकली. दोघांनी वर जावयास हवे होते ते गेले नाहीत. तिसरे गेले, पण ज्या गोष्टीचा सराव झाला नव्हता ती करावयास गेले. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, नीट न जमलेल्या उतरणीपैकी शंभरात सुमारे तीनच वेळा वैमानिक विमान पुन्हा वर घेतात. उरलेल्या सत्त्याण्णव वेळा विमान तसेच उतरते, आणि बहुतेक वेळा काहीही होत नाही. काही होत नाही म्हणूनच सवय बळावते. इंधन जळते, वेळ जातो, प्रवासी कुरकुरतात, ही त्या तीन वेळांची किंमत. कंपनीच्या चोपड्यांत ती खर्चाच्या बाजूला दिसते. जे टळले ते जमेच्या बाजूला कोठेच लिहिले जात नाही.

यात प्रवाशांचाही वाटा आहे, हे आम्ही स्पष्ट लिहितो. विमान अलगद टेकले की आपण टाळ्या वाजवितो, आणि दणका बसला की वैमानिकाला नावे ठेवतो. ओल्या धावपट्टीवर चाके ठामपणे टेकली पाहिजेत, नाहीतर ती पाण्याच्या थरावर तरंगतात आणि ब्रेक लागत नाही. तेव्हा जुलैच्या पावसात मुंबईला पाठीला बसलेला दणका म्हणजे बहुधा काम जाणणाऱ्या माणसाची खूण होय. तसेच विमान जमिनीच्या जवळ येऊन एकाएकी गर्जत पुन्हा वर गेले तर पोटात गोळा येतो हे खरे, परंतु त्या क्षणी वैमानिकाने आपला मान बाजूला ठेवून आपला जीव पुढे ठेवलेला असतो.

मुंबईचा पाऊस मात्र कोणाची भीड ठेवीत नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेले विमान मुख्य धावपट्टीच्या पलीकडे चिखलात गेले, ते काढीपर्यंत ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि सर्व भार दुसऱ्या, आखूड धावपट्टीवर पडला. ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाच्या दिवशी, तीन इंजिनांचे मोठे मालवाहू विमान घसरून पुढे गेले. २१ जुलै २०२५ रोजी कोचीहून आलेले विमान मुसळधार पावसात धावपट्टी सोडून बाजूला गेले. १६ ऑगस्ट २०२५ रोजी बँकॉकहून आलेल्या विमानाने खराब हवेमुळे अगदी खालून पुन्हा वर जाताना शेपूट धावपट्टीला लागू दिले. या चौघांत कोणी मेले नाही. परंतु शेवटचे उदाहरण पाहा, वर जाण्याचा निर्णय योग्य होता, तो अमलात आणताना यंत्राला इजा झाली. दुबईचाच धडा, सौम्य रूपात. निर्णय घेण्याची मोकळीक दिली म्हणजे काम संपत नाही, तो जमिनीपासून दहा फुटांवर कसा अमलात आणावयाचा याचाही सराव हवा.

म्हणून नवी मुंबईकडे आम्ही वेगळ्या दृष्टीने पाहतो. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने सुटू लागली. धावपट्टी ३७०० मीटरची आहे, सांताक्रुझच्या मुख्य धावपट्टीहून लांब. वर्तमानपत्रांनी इमारतीच्या कमळाकृतीचे कौतुक केले, ते योग्यच. पण रुवैसहून येणाऱ्या कुटुंबासाठी तिचा उपयोग निराळा आहे. आजवर मुंबईत उतरता आले नाही तर विमान अहमदाबाद, हैदराबाद किंवा गोव्याला वळवावे लागे, प्रवाशांची रात्र खुर्चीत जाई, वैमानिकांची पाळी संपे आणि दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक कोलमडे. हा सर्व भार उतरण्याच्या बाजूने तराजूत पडत असे. पाऊस दोन्हीकडे पडतो हे खरे, पण सर हलती असते, आणि सांताक्रुझची धावपट्टी अडली तर काही मैलांवर दुसरी मोकळी असेल. 'नाही' म्हणण्याची किंमत त्यामुळे उतरते.

ती खरोखर उतरावी असे वाटत असेल तर आखातातून वळवून आणलेल्या विमानासाठी तेथे मध्यरात्रीही पासपोर्ट तपासणारे आणि जकातीचे कर्मचारी हजर हवेत, शिडी आणि बस हवी, आणि ठाण्या-पनवेलच्या बाजूने नातलगांना निरोप पोचला पाहिजे. अशी सोय नसेल तर विमान सुखरूप उतरूनही लोक तीन-चार तास आतच बसून राहतील, पुढच्या खेपेस वैमानिकाच्या कानावर तीच कुरकुर जाईल, आणि तराजू पूर्ववत होईल. पावसाळ्यापूर्वी एवढी व्यवस्था लावणे दोन्ही विमानतळांना अवघड जाऊ नये.